हिला पण आणू का?

मंगळवार होता, बाजाराचा दिवस. पोलीस ठाण्याच्या आवारात मागच्या अंगाला एका खोलीत आमचं समुपदेशन केंद्र चालायचं, आणि बाजाराच्या दिवशी तिथे हमखास गर्दी व्हायची. घरातून एकटीनं बाहेर पडायला बाईला कारण लागतं. बाजाराला निघाले म्हटलं की कुणी पुढे काही विचारत नाही. त्यामुळे आमच्याकडे येणाऱ्या बायकांच्या पिशवीत वर मेथीची जुडी, चार वांगी, पोरांना घेतलेली शेव आणि सगळ्यात तळाशी चार घड्या घातलेला अर्ज असायचा. तो अर्ज काढताना मेथीची माती टेबलावर सांडायची. गोष्ट २०१२ सालची, सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्यातली. त्या वर्षी पावसानं पाठच फिरवली होती. दसरा आठवड्यावर आला तरी ऊन वैशाखातलं वाटत होतं, आणि टेबलफॅन नुसता खडखडत मान हलवत होता.

सकाळी पहिली आली ती एका खाजगी शाळेत शिकवणारी बाई. वय तिशीच्या आत. निळ्या प्लॅस्टिकच्या फायलीत लग्नाची पत्रिका, दवाखान्याचे कागद, नवऱ्यानं पाठवलेले मेसेज वहीत उतरवून काढलेले, सगळं तारीखवार. ‘मॅडम, मी क्रमानं सांगते,’ म्हणाली आणि खरोखरच क्रमानं सांगितलं. मधे एकदा आवाज दाटला, तिनं रुमाल काढला, ‘सॉरी’ म्हणाली आणि पुढे बोलू लागली. केसपेपर लिहिताना मला एकही ओळ खोडावी लागली नाही. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात घरात राहण्याचा हक्क आहे का, मोफत वकील मिळतो का, हे तिनंच विचारलं. मी सगळं समजावून दिलं. मधेच मावशींना हाक मारून टपरीवरून दोन चहा सांगितले. दीड तास कसा गेला कळलं नाही. ती गेली तेव्हा मला अगदी छान वाटत होतं, काहीतरी काम झाल्यासारखं.

दुसरी बाई तोवर बाहेरच्या बाकावर बसून होती. आत आली, खुर्चीच्या अगदी कडेला टेकली, पदर नाकापर्यंत. अंगाला चुलीच्या धुराचा आणि घामाचा वास. वाडीवरून आली होती, तिथून एसटी दिवसातून दोनदा. मी नेहमीचं वाक्य म्हटलं, ‘ताई, इथं मोकळेपणानं बोला.’ ती गप्प. नवरा मारतो का? मान हलली, पण हो म्हणून की नाही म्हणून ते कळेना. कधीपासून? ‘काय सांगू?’ काय झालं शेवटचं? ‘काय सांगू ताई.’ प्रत्येक उत्तराआधी ती एवढा वेळ घ्यायची की मी पुढचा प्रश्न टाकून मोकळी व्हायचे. ती माझ्या डोळ्यांत बघत नव्हती, सारखी माझ्या तोंडाकडे बघत होती. मला ते विचित्र वाटलं. थोडा रागही आला, खोटं कशाला बोलू. बारा-पंधरा मिनिटांत माझे प्रश्न संपले. तेवढ्यात मावशी आधीचे रिकामे कप उचलायला आल्या. त्यांनी एकदा त्या बाईकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि विचारलं,

‘हिला पण आणू का?’

मी म्हटलं, ‘राहू दे, झालंच आहे.’

बाईनं पदर सारखा केला आणि उठली. मी तीन आठवड्यांनंतरची तारीख दिली, चिठ्ठीवर लिहून. तिनं ती चिठ्ठी कनवटीला लावली. केसपेपरच्या शेवटी एक रकाना असतो, ‘अर्जदाराचा प्रतिसाद’. पहिलीच्या कागदावर मी लिहिलं होतं, ‘समजूतदार, उत्तम प्रतिसाद.’ हिच्या कागदावर लिहिलं, ‘मोकळेपणाने बोलत नाहीत. सहकार्य कमी. स्वतःची इच्छा दिसत नाही.’ सही केली, शिक्का मारला, डबा उघडला. मावशींच्या त्या वाक्यातला ‘पण’ मात्र रात्री भांडी घासताना आठवला, आणि आज इतक्या वर्षांनी लिहायला बसले आहे तरी तो तसाच आहे. मावशींना काही सुचवायचं नव्हतं. त्यांना फक्त एक चहा आणायचा की नाही, एवढंच हवं होतं.

आमच्या कामात समोरच्या माणसाला काय म्हणायचं याचा घोळ जुना आहे. ठाण्यातले हवालदार ‘पार्टी’ म्हणतात, ‘पार्टी आलीय तुमची’. वकील अशील म्हणतात, सरकारी कागदावर लाभार्थी नाहीतर अर्जदार, दवाखान्यात पेशंट. आम्ही शिकलो तो शब्द क्लायंट. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९४० च्या दशकात ‘पेशंट’ टाळून तो वापरायला सुरुवात केली, समोरचा माणूस आजारी आणि आपण बरे असं नातं होऊ नये म्हणून. कॉलेजात हे शिकताना मी भारावून गेले होते. पण दुपारी डबा खाताना आम्ही आपसात जे बोलायचो त्यात शब्द एकच असायचा, केस. ‘आज चांगली केस आली होती.’ ‘ती केस फार किरकिरी आहे.’ चांगली केस म्हणजे काय, हे आम्ही कधी कागदावर मांडलं नव्हतं, पण सगळ्यांना ते ठाऊक होतं. वेळेवर येणारी. कागद घेऊन येणारी. रडणारी, पण फार नाही. सांगितलेलं ऐकणारी. सासूबद्दल बोलतानाही शिवी न देणारी. आणि जाताना ‘तुमच्यामुळे बरं वाटलं’ म्हणणारी.

हे मला पुढे एका प्रशिक्षणात लख्ख कळलं. विल्यम शोफिल्ड नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९६४ साली लिहून ठेवलं होतं की मानसोपचार करणाऱ्यांना एका ठरावीक वळणाचे क्लायंट आवडतात: तरुण, देखणे, बोलके, बुद्धिमान, यशस्वी. इंग्रजीतल्या या पाच शब्दांची आद्याक्षरं जोडून त्यानं ‘यॅव्हिस’ असा शब्दच केला. त्याच्या आधी, १९५८ साली, हॉलिंग्सहेड आणि रेडलिक या दोघा संशोधकांनी अमेरिकेतल्या न्यू हेवन शहरातल्या मनोरुग्णांचा अभ्यास मांडला होता. वरच्या वर्गातल्या माणसाच्या वाट्याला बोलून करायचे उपचार, आणि खालच्या वर्गातल्या माणसाच्या वाट्याला विजेचे झटके, औषधं किंवा नुसतंच डांबून ठेवणं, असं त्यांना दिसलं होतं. फळ्यावर ती पाच अक्षरं लिहिली गेली तेव्हा हॉलमधल्या सगळ्यांनी वहीत उतरवून घेतली. मी उतरवली नाहीत. मला निळी फाईल दिसत होती आणि कडेला टेकलेली ती खुर्ची दिसत होती. ज्यांना मदतीची गरज जास्त, त्यांना मदत मागायची कला कमी येते. मागायला शिकण्यासाठीसुद्धा आधी कधीतरी मागितलेलं मिळालेलं असावं लागतं.

निळ्या फायलीवाल्या बाईचं काय झालं, हेही सांगायला हवं, कारण त्यात माझा एक भ्रम मोडला. तिला वकील मिळाला, अर्ज दाखल झाला, अंतरिम पोटगीचा आदेशही झाला. ठरल्या तारखेला ती यायची, फाईल उघडायची, मी वाचायचे. आमच्यात एक शिस्तशीर मैत्री झाली होती. पुढच्या चैत्रात एके सकाळी ठाण्यातूनच कळलं की तिनं जीव द्यायचा प्रयत्न केला होता. वाचली. दवाखान्यात भेटायला गेले तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, ‘तुम्हाला सगळं क्रमानं सांगता आलं असतं, पण हे कोणत्या क्रमात बसवायचं ते कळेना.’ सहा महिन्यांत मी तिला एकदाही विचारलं नव्हतं की रात्री झोप लागते का, जीव नकोसा होतो का. हा प्रश्न विचारायचा असतो हे मला माहीत होतं, इतरांना मी विचारतही होते. तिला विचारायची गरजच वाटली नाही, कारण ती खंबीर होती. खंबीर म्हणजे काय, तर वाक्य पूर्ण करणारी. जिचं बोलणं मला आवडलं तिची फाईल मी वाचत राहिले, आणि जिचं न बोलणं मला खटकलं तिचा कागद मिटून ठेवला. दोघींपैकी कुणालाच मी नीट पाहिलं नव्हतं.

बोलण्याबद्दल आणखी एक. मी पुण्यात शिकले. पहिली दोन वर्षं माझी भाषाच बायकांच्या अंगावर यायची. ‘वैवाहिक संबंध कसे आहेत?’ असं विचारलं की समोरची बाई आधी दाराकडे बघायची. ‘नांदवतो का नीट?’ असं विचारायला मला एक म्हातारी पोलीस पाटलीण शिकवून गेली. नांदणं या एका शब्दात घर, अंथरूण, भाकरी, मान सगळं येतं. आमच्या छापील नमुन्यात त्यासाठी चार वेगळे रकाने होते. बायकाही आम्हाला वाचत असतात. पाच मिनिटांत प्रश्न यायचाच, ‘ताई, आडनाव काय तुमचं? गाव कुठलं?’ समुपदेशकानं स्वतःबद्दल सांगू नये असं आम्हाला शिकवलेलं. मी सुरुवातीला हसून टाळायचे आणि तिथंच बोलणं बंद पडायचं. नंतर सांगायला लागले. आडनाव ऐकल्यावर काहींचे खांदे सैल पडायचे, काहींचे ताठ व्हायचे. खांदे ताठ होण्यामागे पिढ्यांचं कारण असतं, ते माझ्या गोड बोलण्यानं जाणार नव्हतं. पण निदान ते मला दिसायचं, आणि दिसल्यावर मी ‘सहकार्य कमी’ असं लिहीत नव्हते.

पुढे कधीतरी आमच्याकडे नैराश्य मोजायची नऊ प्रश्नांची प्रश्नावली आली, पीएचक्यू-९. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती दिवस झाला, प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण. साधन चांगलं आहे, मी त्याला नावं ठेवणार नाही. त्यामुळे काही जणी वेळेवर डॉक्टरांपर्यंत पोहोचल्या. पण पहिलाच प्रश्न आहे, कामात रस किंवा आनंद वाटत नाही असं किती दिवस झालं? एका आजींना मी तो विचारला. चारा छावणीवर सहा महिने जनावरं घेऊन राहिलेली बाई. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. ‘आनंदानं कोण काम करतंय, बाय?’ मी पेन हातात धरून बसले. तीन गुण द्यायचे की शून्य? त्यांचा त्रास नव्हता असं नाही. ‘काळीज खाली पडल्यावानी हुतंय,’ असं त्या मगाशीच म्हणाल्या होत्या. ‘डोस्कं जड’, ‘अंगात आग’, ‘हातपाय गळाठत्यात’ हेही म्हणाल्या होत्या. त्यांचं दुःख अंगातून बोलत होतं आणि कागद मनाची चौकशी करत होता.

योजनांचंही तेच. प्रत्येक योजनेला बाई एका खणात बसलेली हवी असते: विधवा, परित्यक्ता, निराधार. नवऱ्यानं सोडलंय पण सोडल्याचा कागद नाही, अशी बाई कोणत्या खणात? संजय गांधी निराधार योजनेसाठी आम्ही बायकांना तहसीलला घेऊन जायचो. उत्पन्नाची अट वर्षाला २१ हजार रुपये, म्हणजे सगळ्या घराला मिळून दिवसाला ५८ रुपयांच्या आत. जिला खिडकीवरच्या माणसाला ‘साहेब, जीआर बघा ना’ म्हणता येतं तिचं काम होतं. जी खिडकीपाशी जाऊन नुसती उभी राहते तिच्या मागून चार माणसं पुढे सरकतात. मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि खिडकीच्या आतल्या बाजूला बसून केलंही आहे.

माझी आजी फार कमी बोलायची. समोर बसवून काही विचारलं तर ‘मला काय कळतंय त्यातलं’ एवढंच. पण शेंगा फोडायला बसली की बोलायची. सुपात टरफलं पडत राहायची, नजर शेंगेवर, आणि अधूनमधून एखादं वाक्य यायचं, जसं काही शेंगेतूनच निघालं. तिच्या पहिल्या बाळंतपणात गेलेल्या मुलाची गोष्ट मी अशीच ऐकली, एका पायलीच्या शेंगा फोडताना, तुकड्या-तुकड्यानं, दोन दुपारी. तिनं मला ती तोंडाकडे बघून कधीच सांगितली नसती. हे माझ्या घरातच मला माहीत होतं. तरी मी नोकरीला लागल्यावर टेबल मधे ठेवून, पेन उघडून, भिंतीपलीकडे वायरलेस खरखरत असताना बायकांना म्हणत होते, मोकळेपणानं बोला.

टेबलं हलवलेली माणसं आपल्याकडे होऊन गेली आहेत. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या घरच्यांनाच आवारात तंबू टाकून राहायला बोलावलं. रुग्णाला एकटा खोलीत बसवून त्याचं मन उलगडायचं, हे परदेशातून आलेलं वळण. इथला माणूस तर घरासकट येतो. मग घरासकटच घेऊ, असं त्यांनी ठरवलं. १९८४ साली टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनं मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. मार खाल्लेली बाई शेवटी चौकीची पायरी चढते, मग समाजकार्यकर्तीनं आपली खुर्ची तिथंच नेऊन ठेवावी, असा तो साधा विचार. पुढे राज्यभर असे कक्ष झाले. माझी खोलीही पोलीस ठाण्याच्या आवारात होती ती त्याच विचारानं. खुर्ची नेऊन ठेवली होती खरी. पण त्या खुर्चीवर बसल्यावर मी पुन्हा माझ्या आवडीची बाई येण्याची वाट बघत होते.

ती दुसरी बाई दिलेल्या तारखेला आली नाही. त्यानंतरच्याही नाही. केसपेपरवर मोबाइल नंबर होता, तो लावला तर एका पुरुषानं उचलला. मी ‘राँग नंबर’ म्हणून ठेवून दिला. हे नेहमीचंच. बाईनं दिलेला नंबर बहुधा नवऱ्याचा, दिराचा, नाहीतर शेजारच्या दुकानाचा असतो. आता १४४१६ ला फोन लावला की टेलि-मानसवर, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनवर, मराठीत बोलायला माणूस मिळतो, २०२२ पासून ही सोय झाली आहे आणि ती खरोखर मोलाची आहे. तरी एखाद्या बाईला तो नंबर देताना मी आधी विचारते, फोन कुणाचा आहे आणि तो तुमच्या हातात किती वाजता असतो.

डिसेंबरात दुसऱ्या एका कामासाठी त्या बाजूला जाणं झालं, तेव्हा वाडीवर गेले. असं न सांगता जाणं बाईला महागात पडू शकतं, म्हणून बचत गटाची चौकशी असं निमित्त काढलं. घराला कुलूप. शेजारच्या दारात तिची जाऊ ज्वारी पाखडत बसली होती. ‘कोण पायजे? ती व्हय? ती टोळीसंगं गेली की, दसरा झाला का लगेच. आता पाडव्याला येईल.’ दसरा झाला का लगेच. मी हिशेब केला. मी जी तारीख दिली होती त्या दिवशी ती कुठल्यातरी साखर कारखान्याच्या उसाच्या फडात पाचट सोलत होती. चिठ्ठी कनवटीला लावतानाच तिला ते माहीत होतं. मी विचारलं असतं तर सांगितलं असतं, किंवा नसतंही सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

जाऊ म्हणाली, ‘बसा की, च्या घ्या.’ मी नको म्हणाले. तिनं ऐकलं नाही. पोराला हाक मारून हातात पेला दिला आणि दूध आणायला धाडलं. त्या वर्षी तिथे दूध कुठून येत असेल? पोरगं खालच्या वस्तीवर गेलं, वीस मिनिटांनी पेल्यावर दुसरा हात झाकून, जपून पावलं टाकत आलं. तेवढा वेळ मी सुपातली ज्वारी बघत बसले होते. चुलीवर भगुलं चढलं, गूळ पडला, धूर माझ्या डोळ्यांत गेला. तोच वास, त्या दिवशीचा. कानतुटक्या कपातून मला चहा मिळाला, तिनं स्वतःसाठी बिनदुधाचा गाळून घेतला. मग ज्वारी पुन्हा पाखडायला घेतली आणि सुपाकडे बघत म्हणाली, ‘तुमच्याकडं आल्ती न्हवं ती? मीच धाडली हुती. पर ती काय बोलली नसंल.’

मी म्हटलं, ‘नाही बोलल्या फार.’

‘बोलंल कशी? तिला डाव्या कानानं ऐकाय येत न्हाई. त्यानं थोबाडीत मारली तवापास्नं. उजव्यानं बी कमीच. तोंडाकडं बघून वळखती, काय म्हंतासा ते.’

चहा हातात तसाच राहिला. खडखडणारा फॅन तिच्या बाजूला होता. मी तिच्या डावीकडे बसले होते. बोलताना खाली बघून लिहीत होते, म्हणजे निम्मा वेळ माझं तोंड तिला दिसतही नव्हतं. नवरा मारतो का, हे मी तिला विचारत होते, आणि त्याचं उत्तर तिच्या कानात होतं. ज्या कारणासाठी ती आली होती त्याच कारणानं तिला माझं बोलणं कळत नव्हतं, आणि ते न कळणं मी तिच्या नावावर शेरा म्हणून लिहून ठेवलं होतं. पुढे आमच्या कागदात ऐकण्या-बघण्याबद्दलचा एक प्रश्न मी हातानं लिहून घालायला लागले. तो छापील नमुन्यात कधी आला नाही.

पाडव्यानंतर ती आली. जावेनं निरोप दिला असावा. त्या दिवशी मी खोली सोडून मागच्या लिंबाखाली पायरीवर बसले, तिच्या उजव्या हाताला. मावशींनी कुणाला न विचारता दोन चहा आणून ठेवले. फार हळू बोललो, बऱ्याच गोष्टी दोनदा. तिच्याजवळ सांगण्यासारखं पुष्कळ होतं आणि ते स्पष्ट होतं. माझ्याकडे देण्यासारखं जे होतं ते मी बोटांवर मोजलं: तक्रार, माहेर, निवारागृह, समेटाची बैठक. तिनं प्रत्येकावर मान हलवली. मग तिनं मला समजावलं. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती कोयत्याला, म्हणजे नवऱ्याच्या हातात. मधेच निघून आलं तर अर्धा कोयता गेला. उचल फिटत नाही, आणि मुकादमाची माणसं माहेरच्या दारात येतात. ‘सुटून जाऊ कुटं, ताई? माझ्या नावावर नुसती फेड हाय.’ तिला नवरा सोडायचा नव्हता, निदान त्या वर्षी तरी. तिला हवं होतं ते एवढंच की पुढच्या हंगामाची निम्मी उचल तिच्या हातात मोजून मिळावी. कोणत्याही रकान्यात हे बसत नव्हतं. मी तशी मागणी त्याआधी ऐकली नव्हती, म्हणजे कुणी केली नव्हती की मी ऐकली नव्हती, कोण जाणे.

जमलं ते केलं. सिव्हिलला कान दाखवला. पडदा फाटलेला, जुना, असं डॉक्टर म्हणाले आणि तसा कागद दिला. कायद्याखालचा घरेलू घटना अहवाल भरून संरक्षण अधिकाऱ्यांकडे गेला. मोफत वकील हा बाईला उत्पन्न न बघता मिळतो, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानं. पहिल्या बाईला हे मी त्याच दिवशी सांगितलं होतं. हिला सांगायला मला सहा महिने लागले. मुकादमाला ठाण्यात बोलावून समज दिली, त्यानं मान डोलावली. पुढच्या हंगामात त्यानं शब्द पाळला का, ते मला तिच्याकडून कळायला हवं होतं, पण तोवर माझी बदली दुसऱ्या तालुक्याला झाली होती. जाण्याआधी जुना केसपेपर काढला. ‘सहकार्य कमी’ या शब्दांवर आडवी रेघ मारली आणि बाजूला सही केली. कागदावर खोडलेलं मात्र स्वच्छ वाचता येतं.

एक गोष्ट मात्र मी त्या लिंबाखाली तिला विचारू शकले नाही. त्या पहिल्या दिवशी मावशींनी चहाचं विचारलं, ते त्या तिच्या डाव्या बाजूला, दारात उभ्या राहून बोलल्या होत्या. ते तिला ऐकू गेलं नसणार. ‘राहू दे, झालंच आहे’ हे मी म्हटलं. म्हणताना माझं तोंड मावशींकडे होतं, की तिच्याकडे? मी पुष्कळदा तो प्रसंग डोळ्यांसमोर आणते. फॅन दिसतो, रिकामे कप दिसतात, पदर सारखा करणारा तिचा हात दिसतो. माझं तोंड कुणीकडे होतं ते काही केल्या दिसत नाही.